लेह: सिंधू शेजारी, तरी शहर नाल्याच्या जिवावर

नमस्कार मंडळी! लेहवरचा व्हिडिओ म्हटला की पहिली पाच मिनिटं ऑक्सिजनवर जातात. ते आधी उरकून टाकू. शहर साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. विमानाने थेट उतरलात तर पहिले दोन दिवस गुमान पडून राहा. डोकं दुखायला लागलं तर अंगावर काढू नका, आणि ते थांबेपर्यंत आणखी वर चढू नका. संपलं ऑक्सिजन प्रकरण. आज बोलायचंय पाण्याबद्दल, कारण माझ्या मते लेह समजून घ्यायचं असेल तर पाण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

(पडद्यावर नकाशा)

हा नकाशा बघा. ही खालून वाहते ती सिंधू. आणि जुनं लेह, म्हणजे लडाखचा राजा सेंगे नामग्याल याने सतराव्या शतकात बांधलेला तो नऊमजली राजवाडा आणि त्याच्या पायथ्याची वस्ती, ते इथं आहे. नदीपासून काही किलोमीटर आत, दोन-अडीचशे मीटर वर. एवढी मोठी नदी सोडून लोक वर का जाऊन बसले? कारण सिंधू खोल वाहते. पंप नसलेल्या जमान्यात तिचं पाणी शेतावर चढवणार कसं? उलट खारदुंग ला खिंडीच्या बाजूने उतरणारा नाला वरूनच येतो. त्याला पाट काढला की पाणी आपोआप उतारावर धावतं. त्यामुळे नाला जिथं गाळ पसरत बाहेर पडतो त्या पंख्यासारख्या उतारावर शेतं झाली, शेतांमुळे वस्ती झाली. मध्य आशियातल्या यारकंद शहराकडून येणारे व्यापारी तांडे इथं मुक्काम करायचे तेही यामुळेच. शेकडो घोड्यांना चारा लागतो, आणि या उघड्याबोडक्या डोंगरांत लसूणघास पिकेल अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

पावसाचं म्हणाल तर वर्षाला सुमारे १०० मिलिमीटर. आपल्याकडे आषाढात चांगली झड लागली तर एका दिवसात पडतो, तेवढा तिथं अख्ख्या वर्षात. मोसमी ढग दक्षिणेकडच्या रांगांवरच रिकामे होतात, इथवर फारसं काही पोचत नाही. म्हणजे शेती पावसावर नाहीच, वर वितळणाऱ्या बर्फावर.

आणि इथं खरी गोची आहे. पेरणी एप्रिल-मे महिन्यांत. उन्हाळा छोटा, त्यामुळे तेव्हा बी जमिनीत गेलं नाही तर जव पिकायच्या आत थंडी येऊन उभी. पण हिमनद्या आहेत पाच हजार मीटरच्या वर, त्या मनावर घेतात जूनमध्ये! मधले ते काही आठवडे नाल्याला बारीकशी धार. मग भांडणं होऊ नयेत म्हणून गावागावांत पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. कुणाचं दार कधी उघडायचं, कधी मोडायचं, हे बघणारा पाटकरी नेमलेला असतो, त्याला चुरपोन म्हणतात. रात्रभर येणारं पाणी छोट्या तळ्यात, म्हणजे झिंगमध्ये, अडवायचं आणि सकाळी पाटाने सोडायचं. धार लहान असली तरी साठा एकदम सोडला की शेवटच्या शेतापर्यंत पोचतो.

या मधल्या आठवड्यांवर दोन माणसांनी डोकं चालवलं. पहिले चेवांग नोर्फेल, सरकारी नोकरीतले सिव्हिल इंजिनिअर, २०१५ साली पद्मश्री मिळालेले. हिवाळ्यात नाल्याचं पाणी कुणाला नको असतं, ते नुसतं वाहून जातं. नोर्फेल यांनी ते डोंगराच्या सावलीत वळवलं, वाटेत दगडांचे बुटके बांध घातले आणि पाण्याचा वेग मोडला. मंदावलेलं पाणी थरावर थर गोठत गेलं. हा बर्फ गावाच्या जवळ, कमी उंचीवर असल्यामुळे खऱ्या हिमनदीच्या आधी वितळतो. नेमका पेरणीला.

दुसरे सोनम वांगचुक, लडाखचेच इंजिनिअर. सावलीची जागा सगळीकडे मिळत नाही, ही त्यांची अडचण. त्यांनी २०१३-१४च्या हिवाळ्यात बर्फाचा स्तूप उभा करून बघितला. जरा तपशिलात सांगतो, कारण यात पंप नाही आणि वीजही नाही. नाल्याच्या वरच्या अंगाला पाईपचं तोंड ठेवायचं, पाईप जमिनीखालून खाली आणायचा आणि शेवटी सरळ उभा करायचा. पाणी आपली मूळ पातळी गाठायला बघतं, म्हणून वरून कारंजं उडतं. बाहेर उणे वीस अंश. थेंब खाली येता येता गोठतात, आणि खाली रचलेल्या काटक्या-फांद्यांच्या सांगाड्यावर बर्फाचा शंकू चढत जातो. आकार शंकूचा का? तेवढाच बर्फ सपाट पसरला तर सगळा उन्हात भाजून निघेल, शंकूत बराचसा आत लपतो. दिसायला देखणा प्रकार, पण राबणूक भरपूर. पाईपमधलं पाणी जरा थांबलं की आतल्या आत गोठलंच. मग कडाक्याच्या थंडीत रात्री बाहेर पडून पाईप मोकळा करत बसा.

आता शहर. २०११च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ३० हजारांच्या थोडी वर होती. पण १९७४ साली लडाख पर्यटकांना खुलं झालं आणि आता वर्षाला लाखांनी लोक येतात, बहुतेक उन्हाळ्याच्या तीन-चार महिन्यांत. हॉटेलांना चोवीस तास शॉवर हवा, म्हणून बोअर खणल्या गेल्या, सिंधूकाठचं पाणी पंपाने वर चढवावं लागलं. सांडपाणी शोषखड्ड्यांत, आणि बोअर त्याच जमिनीत. याचा परिणाम काय होणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

नाल्याची दुसरी बाजूही लक्षात असू द्या. २०१० साली ५ ऑगस्टच्या रात्री ढगफुटी झाली. वर मातीला धरून ठेवायला झाडोरा नाही, त्यामुळे नुसतं पाणी नाही, चिखल आणि धोंडे खाली आले. लेह आणि शेजारच्या चोगलमसर गावातली घरं गेली, दोनशेहून जास्त माणसं मेली. कच्च्या विटांची घरं कोरड्या हवेत पिढ्यान् पिढ्या टिकतात, पण अशा लोंढ्यापुढे त्यांचा निभाव लागत नाही. आणि नाल्याच्या पात्रालगत बांधकाम करण्याची हौस, खरं सांगायचं तर, अजून फिटलेली दिसत नाही.

तुम्ही जाणार असाल तर एक करता येईल. जुन्या घरांत कोरडा संडास असतो. वरच्या मजल्यावर मातीची जमीन, मध्ये भोक, खालच्या खोलीत सगळं साठतं आणि पुढे खत म्हणून शेतात जातं. पाणी शून्य. काही गेस्टहाऊसमध्ये आजही ही सोय आहे, खोली घेताना विचारा. वास येईल म्हणून नाक मुरडू नका, कोरड्या हवेत फारसा येत नाही. फक्त उठल्यावर फावडंभर माती टाकायची, ती कोपऱ्यातच ठेवलेली असते.