अंगात त्राण नाही

(लघु माहितीपटाचं निवेदन)

दुखतंय म्हटलं, तर घरातलं कुणीतरी ओव्याचं पाणी करून देतं, गोळी आणून देतं. पण "अंगात त्राणच नाही" म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं. "आम्ही नाही का केलं सगळं? लेकरं काखेत घेऊन कापूस वेचला."

(दृश्य: परभणी जिल्ह्यातलं गाव. चूल, काठवट, दोन हात.)

या ताईंनी नाव सांगू नका, चेहरा दाखवू नका म्हटलं. हात दाखवले तरी चालतील. म्हणून आपण हात बघतोय. काठवटीत ज्वारीचं पीठ, त्यावर ऊन पाणी, मग जोर लावून मळणं. दुसरी भाकरी तव्यावर पडते आणि हात थांबतात. कोपर काठवटीच्या काठाला टेकतं. भाकरीला वरून पाणी लावायचं राहून जातं. जाऊ काही न बोलता पुढं होते, पाणी फिरवते, भाकरी उलथते. ताई तशाच बसून आहेत. पाळी जाऊन आठवडा उलटलाय.

"पाळीत घरचे सांभाळून घेतेत. मला त्याच्यानंतरचंच जास्त होतं. झोपून उठलं तरी वाटायलंय, रातभर मळणी यंत्रावर उभी होते जणू."

या आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भपिशवीच्या आत जे अस्तर असतं, तसल्याच पेशी पिशवीच्या बाहेर रुजतात: बीजकोशावर, नळ्यांवर, आतड्यांवर, लघवीच्या पिशवीवर. तिथं सूज धरते, व्रण होतात, कधी एक अवयव दुसऱ्याला चिकटतो. बीजकोशात जुनं रक्त साठून गाठ झाली की डॉक्टर तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे १९ कोटी मुली-बायांना हा आजार आहे, आणि निदान व्हायला ४ ते १२ वर्षं लागतात. एवढी वर्षं बाई काय काय ऐकून घेते, ते कुठल्याच केसपेपरवर येत नाही.

ताईंना आधी रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या. त्यात गैर काही नव्हतं. अंगावरून जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन उतरतंच. गोळ्यांनी रक्त वाढलं, थकवा मात्र जागचा हलला नाही. आणि बाईवर संशय सुरू होतो तो इथूनच. रिपोर्ट चांगला आला ना, मग आता काय झालं?

२०१८ साली स्वित्झर्लंड, जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ११२० बायांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना हा आजार होता, निम्म्या जणींना नव्हता. आजार असलेल्यांपैकी ५०.७ टक्के बायांना वारंवार थकवा येत होता. नसलेल्यांमध्ये हेच प्रमाण २२.४ टक्के होतं. आजार कोणत्या टप्प्यात आहे यावर थकवा अवलंबून नव्हता. म्हणजे पोटात अगदी लहान डाग असलेली बाईसुद्धा पार गळून जाऊ शकते. शरीरात सतत दाह चालू असतो, दुखण्यानं झोप मोडते, मोडलेल्या झोपेनं दुखणं आणखी टोचतं. यात आळसाचा काय संबंध, हे आम्हाला घराघरात जाऊन विचारावंसं वाटतं.

मनाचं ओझं वेगळंच. ताईंना एक मुलगी आहे. दुसऱ्या लेकराची चौकशी दर हळदीकुंकवाला होते. या आजारात मूल राहायला अडचण येऊ शकते, हे त्या बायांना कोण सांगणार?

"पोरीची वेणी घालायची तरी हात वर धरवत नाहीत. मग तिच्यावरच चिडते. रातच्याला तेच डोक्यात. आपण कसली माय."

(थोडा वेळ शांतता. पार्श्वसंगीत नको.)

उदासी, धास्ती, चिडचिड हे सगळं या आजारात पुष्कळ जणींना होतं. संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोनच्या, काही गोळ्यांनीही मन उतरतं. तसं वाटलं तर गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, मोफत, रात्रीसुद्धा बोलता येतं.

आता मराठवाड्यात हमखास ऐकू येणारं वाक्य. "पिशवी काढून टाका, कटकट जाते."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईनं एक दिवस खाडा केला तर पैसे दोघांचे कापले जातात. तिथं थकायला जागाच नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीपुढं बीड जिल्ह्याचा आकडा आला: पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. एंडोमेट्रिओसिसच्या पेशी तर पिशवीच्या बाहेर असतात. पिशवी गेली तरी त्या राहू शकतात, दुखणंही राहू शकतं. त्यासोबत कमी वयात बीजकोश काढले, तर हाडं लवकर ठिसूळ होतात. काही जणींना शस्त्रक्रिया खरोखर लागते, पण तो निर्णय नीट तपासणीनंतरचा असावा, उसाच्या हंगामाच्या सोयीचा नसावा.

आजार मुळातून घालवणारं औषध अजून नाही. आटोक्यात ठेवणारी आहेत. वेदनाशामक, संप्रेरकांच्या गोळ्या, गर्भपिशवीत बसवायचं संप्रेरकाचं साधन, गरज पडली तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया. साध्या सोनोग्राफीत काही दिसलं नाही म्हणजे काही नाही, असं नसतं. लग्न न झालेल्या मुलींची आतून, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी सहसा करत नाहीत. त्यांच्यासाठी एमआरआयबद्दल विचारता येतं.

गावातल्या आशाताईंनी ताईंना एक सवय लावली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीला गोल, दुखण्याला फुली, आणि हातपाय गळाले त्या दिवशी आडवी रेघ. डॉक्टरांनी हे कॅलेंडर टेबलावर पसरून पाहिलं. रेघा फुल्यांपेक्षा जास्त होत्या.

(दृश्य: कॅलेंडरचं पान, जवळून.)

औषधं सुरू झाल्यापासून दुखणं पुष्कळ उतरलंय, थकवा थोडाच. घरात कामाची वाटणी बदलली. भाकरी जाऊ थापते, निवडणं-टिपणं ताईंकडं. सासूबाई आधी कुरकुरल्या, आताही कधीकधी कुरकुरतात.

पुढच्या वेळी ताई धाकट्या बहिणीला घेऊन तालुक्याला जाणार आहेत. ती कॉलेजात आहे आणि पाळीत वर्गात बसवत नाही तिला. सख्ख्या बहिणीला हा आजार असेल तर धोका वाढतो, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. नेमकी त्याच दिवशी सोयाबीनची काढणी आहे.

"गडी लावू," सासूबाई म्हणाल्या. "पोरीला दाखवून आण आधी."