नातेवाईक कोण?

(दृश्य : गोव्यातली पर्वरी, सकाळचे साडेआठ. अर्ध्यावर आलेल्या इमारतीचा दुसरा मजला. पत्र्याच्या पिंपांना रांगेने टेकून उभे असलेले मजूर.)

डाव्या हाताचं बोट पुढे करायचं. स्पिरिटचा बोळा फिरतो, टोचणी लागते आणि काचेच्या पट्टीवर रक्त उतरतं. एक थेंब जाड, दुसरा पातळ पसरवलेला. जाड थेंबात मलेरियाचा जंतू आहे की नाही ते कळतं, पातळ थेंबात तो कुठल्या जातीचा ते कळतं. आरोग्य कर्मचारी मान वर न करता विचारतो, "नाव? वय? गाव? ठेकेदार कोण?"

गाव विजापूर. मागचा म्हणतो कलबुर्गी. त्याच्या मागचे दोघे झारखंडचे आहेत. गावाचं नाव ते सांगतात, पण कागदावर ते कसं लिहायचं यावर जरा घोळ होतो. मागून मेस्त्री ओरडतो, लवकर आटपा, काँक्रीटची गाडी येतेय.

गोव्यात बांधकामावर काम करायचं तर मजुराकडे आरोग्य खात्याचं हेल्थ कार्ड लागतं. ते काढून घेण्याची जबाबदारी ठेकेदाराची, तसा कायदा आहे. १९८६च्या सुमारास पणजीत मलेरियाने डोकं वर काढलं. बांधकामावर पाण्याने भरून ठेवलेल्या टाक्या, स्लॅबवर मुरवण्यासाठी साचवलेलं पाणी, उघड्या विहिरी... शहरातल्या स्वच्छ पाण्यात वाढणाऱ्या अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी या डासाला आणखी काय हवं? त्यात मजूर येत ते मलेरियाच्या मुलखातून. तेव्हापासून रक्त तपासणारी माणसं साईटवर जाऊ लागली. मजूर दवाखान्यात येईल म्हणून कोणी बसून राहिलं नाही. स्थलांतरितांपर्यंत आरोग्यसेवा नेण्याची आपल्याकडे जी थोडी चांगली उदाहरणं आहेत, त्यांत हे धरायलाच हवं. गोव्यातला मलेरिया ओसरला, त्यात या काचपट्ट्यांचा वाटा मोठा आहे.

पण त्या कार्डावर काय काय विचारलं जातं, ते पुन्हा एकदा ऐका. नाव, वय, गाव, ठेकेदार. घरचं माणूस कोण, हे कोणी विचारत नाही.

(दृश्य : बांबोळीचा चढ. रुग्णवाहिकेचा दिवा. गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळाच्या आवारातली गर्दी, व्हरांड्यात पसरलेल्या चटया.)

पुढचा प्रसंग आम्ही रचलेला आहे, हे आधीच सांगतो. अतिदक्षता विभागाच्या दारात कॅमेरा नेता येत नाही, नेऊही नये. पण असा प्रसंग कुठल्याही मोठ्या सरकारी इस्पितळातल्या सिस्टरला सांगून पाहा. ती म्हणेल, हो, गेल्या आठवड्यातच झाला.

परांचीवरून पडलेला माणूस. डोक्याला मार. व्हेंटिलेटरवर.

"नातेवाईक कोण?"

"मी त्याचा मेस्त्री."

"मेस्त्री नको. घरचं कोण?"

"घरचं इथे कोणी नाही. गावाला असतील."

"फोन?"

मेस्त्रीकडे माणसाचा मोबाइल आहे. त्याला स्क्रीन लॉक आहे.

"मग सही कोण करणार?"

मेस्त्री सही करतो. हात जोडून म्हणतो, साहेब, जे काय करायचं ते करा. आणि खरंच, जे काय करता येईल ते सगळं केलं जातं. पहिले काही दिवस तेच बरोबर असतं. प्रश्न येतो दहाव्या, पंधराव्या दिवशी. मेंदू सावरणार नाही असं डॉक्टरांना जवळजवळ नक्की कळलेलं असतं, पण यंत्र थांबवायचं की नाही हे कोणाला विचारायचं, ते कोणालाच ठाऊक नसतं.

हा प्रश्न आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तोही एका स्थलांतरित बाईमुळे. अरुणा शानबाग उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरची. गोव्याच्या हद्दीपासून खाली किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं की होन्नावरच्या अलीकडे पलीकडे हे गाव येतं. नर्स होऊन ती मुंबईला आली. परळच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिच्यावर हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ रोजी तिचा मृत्यू होईपर्यंत तिथल्याच परिचारिकांनी तिला सांभाळलं. जवळजवळ ४२ वर्षं. पत्रकार पिंकी विराणी यांच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निकाल आला. तो इच्छामरणाचा निकाल म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण त्यात न्यायालयाला आधी एक वेगळीच गोष्ट ठरवावी लागली होती : या बाईच्या वतीने बोलायचं कोणी? न्यायालय म्हणालं, केईएमच्या कर्मचाऱ्यांनी. आयुष्यभर जिला भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली, तिच्यासाठी बोलण्याचा हक्क त्यांचा.

विजापूरच्या त्या मजुरासाठी बोलायला असं कोणी नाही. तो साईटवर आला त्याला जेमतेम तीन आठवडे झालेत.

(दृश्य : टेबलावर एक छापील अर्ज. शिक्का, शाईचं पॅड.)

आता या कागदाबद्दल. त्याचं इंग्रजी नाव अ‍ॅडव्हान्स मेडिकल डायरेक्टिव्ह. लोक म्हणतात लिव्हिंग विल. मराठीत वर्तमानपत्रं कधी इच्छापत्र लिहितात, कधी वैद्यकीय इच्छापत्र. यातच अर्धा गोंधळ आहे. आपल्याकडे इच्छापत्र म्हटलं की लोकांना मृत्युपत्र वाटतं : घर कोणाला, शेत कोणाला. आणि उरलेल्यांना इच्छामरण वाटतं.

गोंधळ फक्त लोकांचा असता तर चाललं असतं. कॅमेरा बंद झाल्यावर डॉक्टर मंडळी मोकळेपणाने बोलली. एक म्हणाले, ते इच्छामरण ना, त्याला आपल्याकडे परवानगी नाही. दुसऱ्या म्हणाल्या, डीएनआर म्हणजे तेच की. तिसऱ्यांना मानसिक आरोग्य कायदा आठवला. गंमत अशी, की तिघांच्याही हाताला हत्तीचा एकेक अवयव लागलेला आहे. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणं आजही गुन्हाच आहे, हे खरं. हृदय थांबल्यावर छाती दाबून ते पुन्हा चालू करू नये, हा डीएनआरचा निर्णय; त्याबद्दल आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. पण तो एकाच उपचाराबद्दलचा निर्णय, आणि तो डॉक्टर आजारपणात घेतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात आगाऊ निर्देशाची तरतूद आहे. पण ती मानसिक आजाराच्या उपचारांपुरती. आपण ज्याबद्दल बोलतोय तो कागद वेगळा. धडधाकट असताना माणूस त्यात लिहून ठेवतो की बरं होण्याची आशा संपली, बोलण्याची शुद्ध राहिली नाही, तर मला कुठले उपचार नकोत आणि माझ्या वतीने कोणाला विचारायचं.

यातलं शेवटचं वाक्य आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं.

डॉक्टरांना माहिती नाही याचा सगळा दोष त्यांच्या माथी मारणंही बरोबर नाही. ९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज या संस्थेच्या खटल्यात घटनापीठाने हा हक्क मान्य केला खरा, पण वाट अशी आखली की कोणी त्या वाटेला जाऊच नये. कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही. वेळ आली की इस्पितळाचं मंडळ, त्यात २० वर्षं अनुभवाचे तज्ज्ञ. मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेलं दुसरं मंडळ. मग न्यायदंडाधिकारी स्वतः रुग्णाच्या खाटेपाशी. एखाद्या तालुक्याच्या गावात २० वर्षं अनुभवाचे तीन तज्ज्ञ आणायचे कुठून? पाच वर्षं हा निकाल बहुतेक ठिकाणी फाइलीतच राहिला. जे कधी वापरावं लागत नाही ते कोण शिकणार?

२४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने वाट सोपी केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरे. तज्ज्ञांचा अनुभव पाच वर्षांवर आला. मंडळं दोनच, आणि त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. न्यायदंडाधिकाऱ्याला फक्त कळवायचं. कागदाची एक प्रत नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची. कागद नसेल तरी मंडळांची वाट बंद नाही, मात्र तिथे घरच्यांची संमती लागते.

यानंतरही गाडं हललं ते कुठेकुठेच. मुंबईत डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचा कागद केला, पण तो ठेवून घ्यायला अधिकारीच नेमलेला नव्हता. उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली, तेव्हा राज्यात नेमणुका झाल्या. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी आपला कागद केला. गोव्यातला तो पहिला. कर्नाटकाच्या आरोग्य खात्याने ३० जानेवारी २०२५ रोजी आपल्या इस्पितळांसाठी आदेश काढला. म्हणजे विजापूर ते पणजी या रस्त्याच्या दोन्ही टोकांना आता सरकारी कागद आहेत.

रस्त्यावरच्या माणसाकडे मात्र हेल्थ कार्ड आहे.

(दृश्य : पुन्हा पर्वरी. जेवणाची सुट्टी. स्टीलचे डबे, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी.)

कोणी म्हणेल, पोटासाठी आलेल्या माणसापुढे नोटरी आणि साक्षीदार कसले नाचवता? बरोबर आहे. शिवाय मजूर सहा महिन्यांनी वेर्ण्याला जाईल, नाहीतर थेट हुबळीला. पर्वरीच्या पंचायतीत ठेवलेली प्रत त्याच्या मागोमाग थोडीच जाणार? डिजिटल आरोग्य नोंदीत हा कागद ठेवता येईल असं २०२३च्या निकालात आहे, आणि फिरत्या माणसाला त्याचाच उपयोग. पण ते पुढचं. तूर्त बोट टोचणाऱ्या माणसाने एक प्रश्न जास्त विचारला तरी चालेल. रांग तीच, पेन तेच. आणि तो प्रश्न का विचारायचा, हे त्याला शिकवणाऱ्या डॉक्टरांना आधी ठाऊक हवं.

हे फक्त विजापूरवाल्यांचं नाही. बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडून, तसाच दोडामार्गाहूनही, रोज सकाळी मोटरसायकलींचा तांडा गोव्यात कामाला येतो. अपघात झाला की त्यांनाही बांबोळीलाच आणतात. त्यांची आई दोन तासांत पोचते, एवढाच फरक.

(दृश्य : चटणी पुसून घेणारी बोटं. एकावर अजून कापसाचा बोळा चिकटलेला.)

आम्ही त्या मजुराला विचारलं, तुला बोलता येत नसेल तर डॉक्टरांनी कोणाला विचारायचं?

तो हसला. असलं काय विचारता, असं त्याच्या तोंडावर होतं. मग जरा थांबून म्हणाला, बायकोला. मोठा भाऊ आहे, पण बायकोला. भाऊ घाबरट आहे.

तिचा नंबर?

त्याने मोबाइल काढला, लॉक उघडला. बायकोचं नाव कुठेच नव्हतं. यादीत वरून चौथ्या ओळीवर त्याने बोट ठेवलं. कानडीत दोनच अक्षरं होती : मनी. आम्ही वाचली आणि पैशांचं काही असेल असं वाटलं.

"मनी म्हणजे घर," तो म्हणाला. "पण दुपारी लावू नका. दुपारी ती शेतात असते, फोन पोराकडे असतो."