हातात दोन ऑफर, आता काय?

नमस्कार मंडळी. आजचं बोलणं खरं तर थोड्याच घरांसाठी आहे, ज्या घरातल्या पोरानं नाहीतर पोरीनं एमएस, एमटेक, पीएचडीला अर्ज टाकले होते आणि आता दोन-तीन ठिकाणांहून होकार आलाय, पेढे वाटून झालेत आणि त्यानंतर घरात सगळे एकमेकांची तोंडं बघत बसलेत की आता निवडायचं कसं. बाकीच्यांनी स्वयंपाक करता करता ऐका, तुमच्या वाड्यावर असं एखादं पोर असणारच.

मी कॉलेजात शिकवते, त्यामुळे मार्च-एप्रिलात ही पत्रं माझ्यापर्यंत येतातच. म्हणजे पोरं मोबाईल पुढे करतात, "मॅडम, कुठं जाऊ?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच सुरू, याचं रँकिंग इतकं, त्याचं तितकं. रँकिंगवर माझा राग नाही, पण बहुतेक वेळा पोरं सांगतात ते अख्ख्या युनिव्हर्सिटीचं असतं हो, त्यात त्यांचं मेडिकल पण आलं आणि लॉ पण आलं, तुम्ही जाणार एका डिपार्टमेंटमधल्या एका लॅबमध्ये. बाजारात इसवण, म्हणजे सुरमई, घेताना आपण कल्ला उघडून बघतो, आणि जिथं दोन ते पाच वर्षं काढायची तिथलं पत्र मात्र "अभिनंदन" एवढं वाचून स्टेटसला टाकायचं?

तर पत्र पूर्ण वाचा. अमेरिकेच्या पीएचडीचं असेल तर फी माफ आणि वर स्टायपेंड, म्हणजे राहण्या-खाण्याचे पैसे, असं साधारण असतं, पण तो स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा महिन्यांचा, नऊचा असेल तर उन्हाळ्यात खायचं काय, हेल्थ इन्शुरन्स कोण भरणार, किती वर्षांची खात्री लिहून दिलीय, आणि ट्यूशन माफ म्हटलं तरी स्टुडंट फी म्हणून वेगळं काही कापतात का. मग घरभाडं. समजा कॅलिफोर्नियातून वर्षाला 36,000 डॉलर्सची ऑफर आहे आणि दुसरी कुठल्यातरी लहान गावातून 30,000 ची, पहिल्या ठिकाणी खोलीचं भाडं महिन्याला 1,400, दुसरीकडे 600. भाडं वजा करून बघा, पहिलीकडे 19,200 उरतात, दुसरीकडे 22,800. कमी वाटणारी ऑफर जास्तीची निघाली. हे गणित सातवीतलं पोर करेल, पण घरात कुणी करतच नाही कारण कॅलिफोर्निया म्हटलं की विषयच संपतो.

आता वाळपईकडची एक मुलगी, नाव नको. तिच्या एका हातात सीएसआयआर-नेट परीक्षेतून मिळालेली जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी फेलोशिप, आणि आपल्या गोव्यातच दोनापावलला एनआयओत, म्हणजे समुद्रविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत, पीएचडीची संधी, दुसऱ्या हातात अमेरिकेच्या मास्टर्सचं ॲडमिशन, पण स्कॉलरशिप शून्य. तिचे बाबा मला म्हणाले, "मॅडम, अमेरिका सोडून दोनापावलला कोण जातं?" प्रश्न चुकीचा नव्हता, मी नुसता कागद पुढे ओढला. जेआरएफ 1 जानेवारी 2023 पासून महिन्याला 37,000, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलोशिप, झाली की 42,000, घरभाडं भत्ता वेगळा, आणि डिग्री एसीएसआयआरची, म्हणजे सीएसआयआरच्याच अकादमीची, मिळते. दुसरीकडे साधारण 40 लाखांचं लोन. दहा टक्के व्याज धरलं तर शिकत असतानाच वर्षाला 4 लाख व्याज चढतं, दोन वर्षांत 48 लाख झाले, आणि दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला 63,000 च्या वर हप्ता. तो हप्ता अमेरिकेतल्या पगारातून जाईल असं आपण मनात धरतो, पण नोकरीसाठी ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर काम करायचा परवाना, मिळतो एक वर्षाचा, स्टेमचा, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणिताचा विषय असेल तर त्यावर आणखी दोन वर्षं, पुढे एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा, म्हणजे बहुतेकांना लॉटरीच. लोन काढूच नका असं मी म्हणत नाही हां, कम्प्युटरवाल्या पोरांनी फेडलेली बघितलीत मी. पण बाबांनी तो 63,000 चा आकडा स्वतःच्या हातानं लिहिला आणि मग बोलणं वेगळंच झालं. ती दोनापावलला गेली. आणि लोन काढायचंच असेल तर बँकेत शिरायच्या आधी गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनची बिनव्याजी कर्जाची योजना आहे तिथं मर्यादा आणि अटी विचारून या, आमच्याच सरकारची योजना आणि आमच्याच पोरांना ठाऊक नसते.

जर्मनी फुकट, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. बऱ्याचशा सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन नाही हे खरं, पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, महिन्याला 992 प्रमाणे, ते तुमचेच पैसे असतात पण आधी उभे करायला लागतात ना. आणि बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात 2017 पासून युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं तर 2024 च्या विंटर सेमिस्टरपासून मास्टर्सला 4,000 ते 6,000 लावलीय, सेमिस्टरला. ब्रिटनचं मास्टर्स एका वर्षात उरकतं म्हणून स्वस्त वाटतं, पण नंतर थांबायला मिळणारी दोन वर्षं 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्ष होणार, ते धरून हिशेब करा. आपल्याकडे काही घरांत पोर्तुगीज, म्हणजे युरोपियन युनियनचा पासपोर्ट असतो, तर जर्मनीत त्याचा उपयोग आहे, इंग्लंडात ब्रेक्झिटनंतर फीसाठी तो आता बहुतेकांच्या कामाचा नाही.

पैशाचं झालं. पीएचडी असेल तर त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गाइड, आणि ती पत्रात लिहिलेली नसते. आपल्या माशेलचे शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर घ्या. जन्म 1943, मुंबई विद्यापीठाच्या केमिकल टेक्नॉलॉजी विभागातून, यूडीसीटीतून, 1966 ला केमिकल इंजिनिअरिंग, आणि पीएचडी पण तिथंच, 1969 ला, गाइड एम. एम. शर्मा. हे शर्मा 1964 मध्ये केंब्रिजहून पीएचडी करून परत आलेले, सत्ताविसाव्या वर्षी प्रोफेसर झालेले, विद्यार्थ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे फक्त. परदेश माशेलकरांना नंतर मिळाला, इंग्लंडात सॅलफर्डला शिकवायला गेले ते डॉक्टर होऊन. माझं मत विचाराल तर तरुण गाइड, जो स्वतः रोज लॅबमध्ये असतो, तो मोठ्या नावाच्या पण वर्षातून दोनदा दिसणाऱ्या माणसापेक्षा बरा. सगळ्यांना पटणार नाही हे, मोठ्या नावाचं शिफारसपत्र पुढे कामाला येतं हेही खरंच.

पण गाइड कसा आहे ते कळणार कसं? त्याच्या लॅबमधल्या पोरांना मेल करा, वेबसाइटवर नावं असतात, आणि "सर कसे आहेत" असं विचारू नका, सगळे चांगलेच म्हणणार. विचारा की शेवटची तीन पोरं बाहेर पडली ती किती वर्षांनी पडली आणि आता कुठं आहेत, मध्येच सोडून कोण गेलं, ग्रँट संपली तर स्टायपेंडचं काय होतं, सर लिहिलेलं वाचून किती दिवसांनी परत देतात. उत्तर फोनवर देतो म्हणाले तर समजून जा की लिहून देण्यासारखं नाहीये, आणि तो फोन नक्की घ्या.

आता तारखा. अमेरिकेत बऱ्याच युनिव्हर्सिट्यांनी सही केलेला एक ठराव आहे, त्यानुसार स्टायपेंड-फेलोशिपसकट आलेल्या ऑफरला 15 एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती करता येत नाही, म्हणजे कुणी मार्चमध्येच घाई करायला लागलं तर आधी ती युनिव्हर्सिटी त्या यादीत आहे का बघा आणि असेल तर नम्रपणे या ठरावाची आठवण करून द्या. आधी हो म्हटलं असेल तरी 15 एप्रिलपर्यंत लेखी माघार घेता येते. पैशाशिवायच्या ॲडमिशनला मात्र हे लागू नाही, तिथं डिपॉझिट भरायच्या आधी ते परत मिळतं का ते वाचा. आपल्याकडे आयआयटीच्या एमटेकला कोॲप या ऑफरच्या सामायिक पोर्टलवर तीन पर्याय येतात, ॲक्सेप्ट अँड फ्रीझ, रिटेन अँड वेट, रिजेक्ट अँड वेट. तिसरं बटण दाबायच्या आधी घरच्या कुणाला तरी शेजारी बसवा, कारण त्यात हातातली सीट सोडून वाट बघायची असते, दुसऱ्यात ती सीट ठेवून बघता येते, आणि पोरं रात्री झोपेत भलतंच दाबतात.

आणि ठरलं की जिथं जाणार नाही तिथं त्याच दिवशी कळवा, वेटलिस्टवर कुणीतरी असंच मोबाईल बघत बसलेलं असतं. आभार मानायचे आणि दुसरीकडे जातोय म्हणायचं, दोन ओळी पुरे, कारणं द्यायची गरज नाही. फक्त मेल करून थांबू नका, पोर्टलवर जाऊन डिक्लाइन पण करा, नाहीतर तिकडे तुमचं नाव तसंच राहतं.