टेकडीची वाट आणि नदीचा काठ

श्रोतेहो, नमस्कार.

वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती. पुण्याला या टेकड्या आयत्या मिळाल्या आहेत. त्यांच्यावरच्या वाटा सुधारायच्या म्हटलं की पहिली सूचना येते ती काँक्रीटची किंवा पेव्हर ब्लॉकची. वाट मात्र खचते ती पाण्यामुळे, आणि पाण्याला बाहेर पडायला जागा करून दिली तर मुरमाची साधी वाट वर्षानुवर्षं टिकते.

वाट बिघडते कशी ते बघा. रोजच्या चालण्यानं मधला भाग दबतो आणि कडेला मातीचा वरंबा साठतो. वाटेची शेतातल्यासारखी सरी होते. जूनमधलं पाणी त्या सरीतून धावतं, मुरूम वाहून जातो, खालचे दगड उघडे पडतात. मग माणसं शेजारच्या गवतावरून चालू लागतात. दोन पावसाळ्यांत तिथेही सरी पडते. एका वाटेच्या तीन होतात आणि मधलं कुसळी-पवण्याचं गवत संपतं.

म्हणून वाट आखतानाच दोन गोष्टी सांभाळायच्या. दहा फूट चालल्यावर साधारण एक फूट चढ, सलग त्याहून जास्त नको. आणि टेकडीचा उतार जितका असेल, त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ कमीच हवा. नाहीतर पाणी वाट ओलांडून खाली न जाता वाटेनंच धावतं. चार फूट रुंदीची वाट असेल, तर दरीकडची कड दोन इंच खाली ठेवायची. दोन इंच चालणाऱ्याला जाणवत नाहीत, पाण्याला पुरतात.

जुन्या, सरळ चढणाऱ्या वाटांना हे जमत नाही. तिथे दर पन्नास-साठ फुटांवर दगडाचा तिरका बांध घालावा लागतो. फूट-दीड फुटाचे दगड घ्यायचे, दोन तृतीयांश जमिनीत पुरायचे, एकमेकांना घट्ट भिडवायचे. बांध वाटेला काटकोनात घालू नका. काटकोनात घातला की पाणी तिथे थांबतं, गाळ टाकतं आणि वरून उडी मारून पुढे जातं. तिरक्या बांधामागेही गाळ साठतोच. तो मे महिन्यात आणि पुन्हा जुलैत फावड्यानं काढावा लागतो. बांध फुकट गेले असं जिथे म्हटलं जातं, तिथे बहुतेक वेळा हा गाळच काढलेला नसतो.

वळणावरचे शॉर्टकट नुसती पाटी लावून बंद होत नाहीत. पुढची वाट डोळ्यांसमोर दिसली की पाय तिकडे वळतातच. वळण मोठ्या खडकाआड घ्यावं, जुन्या घळीत आडवे दगड रचून वर बाभळीच्या फांद्या टाकाव्यात. मागे माती अडते आणि गवत परत येतं.

आता टेकडीवर पोचण्याबद्दल. पुण्यात 1997 मध्ये समाविष्ट झालेल्या 23 गावांतल्या टेकड्यांवर 978 हेक्टर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे. नकाशावर हिरवा रंग आला, म्हणून पायथ्याला वाट मिळते असं नाही. सोसायट्यांच्या भिंतींना पडलेली भगदाडं आधी नकाशावर मांडा. लोकांना कुठून यायचं आहे, ते या भगदाडांइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. ती बुजवण्याआधी तिथे रीतसर दार करता येईल का, हे तपासायला हवं. दारातली एक अडचण खरीच अवघड आहे. चाकाच्या खुर्चीला तीन फूट मोकळी जागा लागते आणि मोटारसायकलचं हँडल अडीच फुटांच्या आसपास असतं. म्हणजे खुर्ची जाईल तिथून दुचाकीही जाते. नुसत्या खांबांनी हे सुटत नाही. मुख्य दाराशी माणूस नेमावा, बाकी दारं अरुंद आणि वळणाची ठेवावीत.

नदीकाठी नियम वेगळा. मुठेच्या पात्रात निळ्या पूररेषेच्या, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या, आत जे बांधाल, ते खडकवासला धरणातून पाणी सुटलं की बुडणार, हे धरूनच बांधायचं. जुने दगडी घाट टिकले, कारण पाणी त्यांच्यावरून वाहून जातं. तिथे लोखंडी कठडे लावले की त्यांत जलपर्णी आणि प्लास्टिक अडकतं, कठड्याचं धरण होतं आणि तो पायासकट उखडतो. भराव तर घालूच नये. भरावानं अडवलेली जागा पाणी समोरच्या काठावरच्या घरांकडून वसूल करतं. काठावरून खाली उतरायला रॅम्प हवा. एक फूट उतरायला बारा फूट लांबी, आणि दर तीस फुटांवर पाच फुटांचा सपाट टप्पा.

काम हाती घेण्याआधी जागा कोणाची ते पाहा. एकाच टेकडीवर वनविभाग, महापालिका आणि खासगी मालक असे तिघेही असू शकतात, आणि वनजमिनीवर परवानगीशिवाय एक दगडही हलवता येत नाही. मग पहिल्या मोठ्या पावसात वाटेवर जा. पाणी वाटेत शिरतं तिथे एक काठी रोवा, बाहेर पडतं तिथे दुसरी. पाऊस थांबल्यावर दोन काठ्यांमधलं अंतर मोजा आणि ते आकडे घेऊन वनविभागाच्या किंवा क्षेत्रीय कार्यालयाच्या अधिकाऱ्यांना त्याच जागी बोलवा.