चाव्या कोणाकडे?

(फोंडा येथे व्यापारी आणि लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आमंत्रणपत्रिकेवर माझा विषय छापलाय तो 'संगणकांची देखभाल बाहेरच्या कंपनीकडे देताना'. कंपनी कशी निवडायची ते मी सांगणारच आहे. पण त्याआधी एका पेटीबद्दल बोलू द्या.

आमच्या देवस्थानात देवीच्या दागिन्यांची जुनी पेटी आहे. तिला तीन कुलपं. तिन्ही चाव्या तीन महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या मानकऱ्यांच्या, घरी. जत्रेच्या आदल्या दिवशी तिघं येतात, आपापलं कुलूप काढतात, वहीत सह्या होतात, मग झाकण उघडतं. लहानपणी मला वाटायचं, हे सगळं चोरासाठी. वडील म्हणाले, ''चोर पेटीच उचलून नेईल. कुलपं आपल्याच माणसांसाठी आहेत.'' आणि मग त्यांनी मला दुसरी गोष्ट सांगितली, जी फार थोड्यांना ठाऊक होती. प्रत्येक चावीची जोडचावी लाखेने मोहोरबंद करून देवस्थानच्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेली असायची. म्हणजे पेटी एकट्याला उघडता येऊ नये, आणि एकटा आला नाही म्हणून जत्रा अडूही नये. दोन्ही सांभाळायचं. आज मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, पण ते माझ्या गळी उतरायला फार दिवस लागले.

तुमच्यातले बरेचजण माझा धंदा जाणतात. औषधांचं वितरण. कुंडईला गोदाम, इथे फोंड्यात कार्यालय, बावीस संगणक. संगणकांची देखभाल पणजीतल्या एका छोट्या कंपनीकडे होती. नाव घेणार नाही, माणसं वाईट नव्हती. महिन्याला ठरलेले पैसे द्यायचे; प्रिंटर अडला, सर्व्हर बसला, की एक मुलगा यायचा. हुशार, शांत, सत्तरी तालुक्यातला. आमच्या बायका-मुलांनाही तो घरचाच वाटायचा. पासवर्ड काय आहे, कोणतं खातं कोणाच्या नावावर आहे, हे मी त्याला सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं मला वाटे.

२०२३ साली चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, १९ सप्टेंबरला होती. दुसऱ्या दिवशी, २० तारखेला, जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायची शेवटची तारीख. शनिवारी १६ तारखेला सकाळी आमचा मेल बंद पडला. येणारा नाही, जाणारा नाही. आधी वाटलं इंटरनेट गेलं. पावसात आपल्याकडे जातंच. पण बाकी सगळं चालू. दुपारी मडगावच्या एका फार्मसीवाल्याने फोन करून विचारलं, ''इन्सुलिनची ऑर्डर सकाळीच पाठवली, माल कधी?'' ऑर्डर आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, कोणी महिन्याचा साठा करत नाही. ज्याच्या घरी रुग्ण आहे तो चवथीच्या गर्दीत दुकानं हिंडणार. तेव्हा माझ्या पोटात खरा गोळा आला.

कारण शोधायला संध्याकाळ झाली. आमच्या डोमेनची मुदत संपली होती. डोमेन म्हणजे आपल्या मेलच्या पत्त्यात ॲटच्या पुढे जे असतं ते. दर वर्षी हजार-दीड हजार रुपये भरून ते चालू ठेवायचं असतं. आम्ही ते पैसे देखभालीच्या बिलात त्या कंपनीला देत होतो. पण डोमेन होतं कंपनीच्या नावावर, आणि मुदत संपल्याच्या सूचना जात होत्या त्यांच्या एका जुन्या पत्त्यावर, जो कोणी उघडत नव्हतं. मी म्हटलं, पैसे आत्ता भरतो. भरायचे कुठे? खात्यात शिरता येईना. 'पासवर्ड विसरलात?' दाबलं, तर नवा पासवर्ड कुठे पाठवला म्हणून दाखवलं ठाऊक आहे? आमच्याच मेलवर. जो बंद होता! कुलपाची चावी कुलूप लावलेल्या घरात. त्या क्षणी मला वडिलांचं लॉकरमधलं मोहोरबंद पाकीट आठवलं.

त्या मुलाचा फोन लागेना. रविवारी सकाळी आमच्या दोन डिलिव्हरीच्या पोरांना स्कूटरवर उसगाव, होंडामार्गे वाळपईला, तिथून त्याच्या गावाला पाठवलं. भर पावसात. हा गडी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची आरास, बांधत होता. पोरांना बघून घाबरलाच बिचारा. गावात रेंज असलेल्या टेकाडावर चढून त्याने मला फोन केला, ''सर, पासवर्ड वहींत आसा, आनी वही ऑफिसांत.'' ऑफिस चवथीसाठी बंद. ऑफिसची किल्ली मालकाकडे. मालक काणकोणला मूळ घरी, करमल घाटाच्या पलीकडे. तो मुलगा अर्धी माटोळी बापावर सोडून पोरांबरोबर निघाला. आईने तिघांच्या हातात नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा दिला. तो डबा आजही आमच्या गोदामात आहे, परत न्यायचा म्हणून ठेवलाय. सोमवारी दुपारी मालक काणकोणहून पणजीला आला, दार उघडलं, वही मिळाली. पैसे भरले. रात्री उशिरा मेल चालू झाला. अडीच दिवस.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने आपला सण सोडला. मालकही आला. माणसं चांगली असून अडीच दिवस गेले, हेच तर मला तुम्हाला सांगायचंय. आपण देखभालीची कंपनी निवडताना माणूस बघतो. ओळखीचा आहे ना, गोड बोलतो ना, आपल्या मेव्हण्याकडेही तोच आहे ना. बघावं. पण चाव्यांचं काय, हे माणूस चांगला असतानाच विचारायचं असतं. भांडण झाल्यावर विचारलं तर ती मागणी होते, आणि मागणीला बिल लागतं.

आणखी एक सांगतो, मग मुद्द्यावर येतो. आपण अंत्रुज महालात, म्हणजे या फोंडा भागात, बसलोय. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीहून मंगेश प्रियोळला आला, केळशीहून शांतादुर्गा कवळ्याला आली. देवळं राहिली मागे, पोर्तुगीजांनी पाडली. आपल्या पूर्वजांनी नदी ओलांडताना भिंती उचलल्या नाहीत, देव उचलला. काय सोबत न्यायचं आणि काय सोडून द्यायचं, हे त्यांना नेमकं कळत होतं. मी माझ्या धंद्यात तेच विचारलं तेव्हा यादी छोटी निघाली: डोमेन, ग्राहकांची आणि हिशोबाची माहिती, सगळ्या खात्यांचे मुख्य अधिकार. संगणक दुकानात पुन्हा मिळतात. हे तीन मिळत नाहीत.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. दहा मिनिटं उरली म्हणतात. बरं, कंपनी निवडायचं आता भराभर सांगतो.

पैसे कसे घेते ते आधी बघा. दर खेपेला पैसे घेणाऱ्याची कमाई तुमच्या बिघाडावर असते. महिन्याला दर संगणकामागे ठरीव रक्कम घेणाऱ्याला बिघाड न झालेला परवडतो. मी दुसरं निवडलं. करारात 'चार तासांत प्रतिसाद' लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. प्रतिसाद म्हणजे फोन उचलला. दुरुस्ती किती तासांत, हे वेगळं लिहून घ्या, आणि चवथ, दिवाळी, नाताळ, शिगमो या दिवसांत कोण येणार तेही. 'नव्व्याण्णव टक्के चालू' ऐकायला छान. वर्षाचा हिशोब केलात तर साडेतीन दिवसांहून जास्त बंद. नव्व्याण्णव पूर्णांक नऊ म्हणजे पावणेनऊ तास. आकडा तासांतच मागा.

बॅकअप, म्हणजे माहितीची राखीव प्रत, आहे का, हे विचारू नका. सगळे हो म्हणतात. त्यांना म्हणा, गेल्या महिन्यातलं एक बिल माझ्यासमोर परत आणून दाखवा. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. इतकं बघा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाल्या. तुमच्या किती संगणकांवर ते अजून आहे, हे जी कंपनी पहिल्या भेटीत मोजत नाही तिला दुसरी भेट देऊ नका.

कायद्याचं थोडक्यात. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे ठरावीक सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात, आणि यंत्रांवर काय काय घडलं त्याच्या नोंदी (लॉग) १८० दिवस ठेवाव्या लागतात. ही जबाबदारी तुमचीही आहे, नुसती कंपनीची नव्हे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही काम बाहेर दिलं म्हणून जबाबदारी बाहेर जात नाही. सुरक्षेत हयगय झाली तर दंड अडीचशे कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आहेत, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. माझ्याकडे रुग्णांची नावं येतात, तुमच्यातल्या हॉटेलवाल्यांकडे पाहुण्यांची ओळखपत्रं. करारात हे लेखी हवं.

आणि चाव्या. डोमेन आणि मेलची खाती धंद्याच्या नावावर, सूचना दोन पत्त्यांवर, त्यातला एक त्या डोमेनबाहेरचा. कंपनीच्या प्रत्येक माणसाला स्वतःच्या नावाचं खातं, सगळ्यांत मिळून एक पासवर्ड नको. मुख्य अधिकाराचा पासवर्ड पाकिटात, सही करून, बँकेच्या लॉकरमध्ये. करार संपला तर तीस दिवसांत सगळं हवाली, कुठल्याही थकबाकीची अट न घालता. हे कलम वाचून जो कपाळाला आठी घालतो त्याच्याकडे मी जात नाही. आमच्या नव्या कंपनीने सही करताना विचारलं, ''पाकीट आम्ही आणून देऊ की तुम्ही घ्यायला याल?'' तिथेच माझं ठरलं.

चहा बाहेर लागलाय. ज्यांना आपलं डोमेन बघायचंय त्यांनी चिठ्ठीवर लिहून आणा, मी फोनवर बघून देतो. मुदत कधी संपते आणि नोंद कोणत्या कंपनीकडे आहे ते दोन मिनिटांत कळतं. मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं. ते झाकलेलं असेल तर उद्या सकाळी तुमचे संगणक बघायला येणाऱ्या मुलाला फोन करा आणि विचारा, त्या खात्यात शिरतं कोण.