घसरती बोट अडते तेव्हा

मंडळी, १९७७ साली एडमंड हिलरी तीन जेटबोटी घेऊन गंगासागरहून गंगेच्या उलट्या प्रवाहात निघाले होते, हे इथल्या काही वडीलधाऱ्यांना आठवत असेल. बोटींची नावं ‘गंगा’, ‘किवी’ आणि ‘एअर इंडिया’. गढवालातल्या खळाळांतून त्या वर चढल्या आणि नंदप्रयागजवळच्या धबधब्यापाशी थांबल्या. बोट अर्थात न्यूझीलंडची. तिथल्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांत बोटीखालचा पंखा दगडावर आपटून मोडायचा, म्हणून तिथलेच अभियंते बिल हॅमिल्टन यांनी १९५४च्या सुमारास पंपच बोटीच्या पोटात घेतला.

आज बोलायचंय ते तिच्या धाकट्या भावंडाबद्दल, आणि ते उलटतं कसं याबद्दल. तीन-साडेतीन मीटर लांब, दीड मीटर रुंद, अ‍ॅल्युमिनियमची, जेट स्कीचं इंजिन आणि पंप बसवलेली बोट. न्यूझीलंडमध्ये हौशी लोक ती घरच्या गॅरेजात बांधतात. मालवण-तारकर्लीला जेट स्की चालवणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, कारण पंपाचं तत्त्व तेच.

तळाच्या जाळीतून पाणी आत येतं, इंपेलर म्हणजे पंपातला फिरणारा पंखा ते मागे ढकलतो, स्टेटरची म्हणजे त्यामागची न फिरणारी पाती त्याचा पीळ काढतात आणि नॉझलमधून धार सुटते. या बोटीला सुकाणूचं पातं नसतं. चाक फिरवलं की नॉझल वळतं, बस्स. म्हणजे धार नाही तर वळणही नाही. थ्रॉटल सोडला की चाक हातात फिरतं, पण बोट जायची तिकडेच जाते. समोर खडक दिसला की पाय आपोआप थ्रॉटलवरून उचलला जातो. गाडी चालवणाऱ्याचा तर हमखास. तुमचे शिकाऊ दिवस या एका सवयीशी भांडण्यात गेले तरी चालतील.

आता कलंडण्याकडे येऊ. वेगात वळलं की बोट उलटते, असा सर्वसाधारण समज आहे. थोडा हिशोब करू. ताशी ६० किलोमीटरने ३० मीटर त्रिज्येचं वळण घेतलंत, तर आडवा जोर जवळजवळ बोटीच्या वजनाएवढा होतो. ताशी ४०ला तो त्याच्या निम्म्याहूनही कमी. एवढा जोर येऊनही खोल पाण्यात बोट सहसा उलटत नाही, कारण तिला खाली कणा किंवा पातं नाही. ती पाण्यावरून आडवी घसरते आणि जोर घसरण्यात खर्च होतो. हे घसरणंच तिला वाचवतं. घात होतो तो घसरणं अचानक थांबलं की.

थांबवतं कोण? बहुतेक वेळा गोट्यांचा उथळ पट्टा. तळ आणि बाजू जिथे मिळतात त्या कडेला चाइन म्हणतात. वळणात बोट बाहेरच्या बाजूला घसरत असते, बाहेरची चाइन गोट्यांत अडकते, आणि वरचं सगळं वजन तिच्यावरून पुढे जातं. उंबऱ्याला पाय अडखळून माणूस तोंडावर पडतो, तसंच. दीड मीटर रुंदीच्या बोटीचा गुरुत्वमध्य चाइनपासून ४५ सेंटिमीटर वर आहे आणि चाइन जागच्या जागी अडली असं धरा. ढोबळ गणिताने, ताशी साधारण २३ किलोमीटरची आडवी घसरण तिला पालथी करायला पुरते. आता माणसं कडेवर चढून बसली आणि गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटरवर गेला, तर हाच आकडा १७वर येतो. पंधरा सेंटिमीटरची किंमत एवढी! म्हणून सीट खाली हवी, पेट्रोलची टाकी तळाशी हवी आणि कूलरबॉक्सवर कुणी बसायचं नाही. मागे उभं राहून मोबाइलवर शूटिंग करणारा पाहुणा तर नकोच.

दुसरा प्रकार नाळेचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा. बोट वेगात पाण्यावर तरंगत असताना नाळ वर असते. थ्रॉटल एकदम सोडला की नाळ खाली बसते आणि पाण्यात रुतते. त्यात चाक वळलेलं असेल तर नाळ खुंट्यासारखी धरते आणि मागचा भाग गर्रकन फिरून पुढे येतो. पर्यटकांच्या बोटींवर चालक हात वर करून तर्जनी हवेत गोल फिरवतो आणि मग गिरकी घेतो, ती हीच. तोच अपघात, फक्त मुद्दाम केलेला. चालकाला खाली खोल पाणी आहे हे माहीत असतं आणि माणसांनी दांडा धरलेला असतो. गुडघाभर पाण्यावर हीच गिरकी घेतली तर आपण पुन्हा पहिल्या प्रकारावर येतो. रिव्हर्सची बकेट, म्हणजे धार उलटी पुढे वळवणारं झाकण, वेगात खाली टाकू नका, तेही याच कारणाने: नाळ पाण्याखाली जाते आणि पाणी मांडीवर येतं.

मग वळायचं कसं? वेग वळणाआधी कमी करायचा. वळणात धार चालू ठेवायची, चाक थोडंच वळवायचं आणि बोट फिरू लागली की लगेच सरळ करायला घ्यायचं. चुकलंच, तर खोल पाण्याकडे तोंड करून थ्रॉटल द्यायचा. हे धाडसाचं वाटतं, पण धार असेपर्यंतच बोट तुमच्या ऐकण्यात असते.

खोल पाणी ओळखायचं कसं, हे नदीच सांगते. पाण्यावर ‘व्ही’ अक्षर उमटतं. त्याचं टोक प्रवाहाच्या दिशेने खाली असेल तर मधून वाट आहे. टोक वर, प्रवाहाकडे असेल तर तिथे दगड बसलाय. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी खोल, आतल्या बाजूला गोटे. उथळ पट्टा पार करताना वेग सोडायचा नाही, कारण तरंगत धावणाऱ्या बोटीला दहाएक सेंटिमीटर पाणी पुरतं आणि थांबलेलीला सुमारे तीस लागतं. घाबरून वेग सोडलात की बोट नेमकी तिथेच टेकते.

तिसरा प्रकार संथ आणि म्हणून जास्त फसवा. जाळीत गोटे किंवा शेवाळ अडकलं, धार गेली, बोट आडवी वाहत खडकाला लागली. आता प्रवाह वरच्या बाजूने रेटतोय. माणसं स्वाभाविकपणे खडकापासून दूर सरकतात, म्हणजे प्रवाहाकडे. ती कड पाण्याखाली जाते आणि नदी बोटीत शिरते. करायचं उलटं: सगळ्यांनी खडकाकडे झुकायचं, तेही लगेच. काठावरच्या वाळुंजाच्या फांद्यांत मात्र बोट जाऊच द्यायची नाही, कारण फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो.

बिल्जमधल्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्याकडे कुणी लक्ष देत नाही. अडीच मीटर बाय सव्वा मीटर तळावर सरासरी पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे दीडशे लिटर, दोन धट्टीकट्टी माणसं, आणि बोट ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला धावणारी. निघण्याआधी ड्रेनचा बूच आणि बिल्ज पंप बघा. चाकाची केबल आणि तिचे नट हाताने हलवून बघा. आरपीएम (इंजिनाचे फेरे) चढतात पण बोट उचलत नाही, असं होत असेल तर इंपेलर आणि भोवतीच्या कड्यामधली फट गोट्यांनी खाऊन वाढली आहे, किंवा जाळी तुंबली आहे. इंजिन बंद केल्याशिवाय जाळीत हात घालायचा नाही.

किल-कॉर्ड (चालक बाहेर फेकला गेला तर इंजिन बंद करणारी दोरी) अंगाला, लाइफ जॅकेट घट्ट. पट्ट्यांबद्दल वाद आहे, माझं मत स्पष्ट आहे: डोक्यावर रोल केज (बोट उलटली तरी माणसांना वाचवणारा नळ्यांचा सांगाडा) नसेल तर सीटबेल्ट लावू नका. पालथ्या बोटीखाली पट्टा माणसाला धरून ठेवतो.

आणि उलटलीच, तर आधी डोकी मोजा. नदीत पाठीवर तरंगायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे, आणि प्रवाह जिकडून येतो त्या बोटीच्या अंगाला राहायचं. बोट आणि खडक यांच्यामध्ये कधीच नाही. जेट स्की असेल तर मागच्या स्टिकरवरच्या बाणाच्या दिशेनेच सरळ करा, नाहीतर एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात जातं. इंजिनात पाणी गेल्याची शंका असेल तर स्टार्टर दाबू नका. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग काढा, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर येऊ द्या, आणि खाडीचं पाणी असेल तर हे काम त्याच दिवशी करा.