कुंडाचं पाणी, हौदाचं पाणी

पाळक बोटं पाण्यात बुडवतात, बाळाच्या कपाळावर पाणी सोडतात. बाळ चुळबुळतं, आई टोपडं सावरते.

आता हा दुसरा बाप्तिस्मा. कमरेइतक्या पाण्याचा हौद, पांढऱ्या कपड्यांतली तरुणी. ती नाक दाबते, पाळक पाठीला हात देतात, आणि क्षणभर ती पाण्याखाली. निथळत वर येते.

देवळं दोन, मंडळी, म्हणजे चर्चची संघटना, एकच: चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. सीएनआय.

वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एक करून ती उभी राहिली, आणि त्या ऐक्याची बोलणी याच पाण्यावर अडून बसायची. अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स म्हणत, आधी विश्वास, मग पाणी. ज्याला काही कळत नाही त्याला बाप्तिस्मा कसला? लखनौला १९२९ साली गोलमेज बैठक भरली, आणि ऐक्याच्या योजनेची चौथी आवृत्ती तयार व्हायला १९६५ उजाडलं. तोडगा असा: दोन्ही रीती राहतील. बाळाला बाप्तिस्मा द्यायला एखाद्या पाळकाचं मन घेत नसेल, तर सक्ती नाही. त्याने दुसऱ्या पाळकाला बोलवावं. बरोबर कोण, हे ठरवलंच नाही. म्हणूनच जमलं.

हे नागपूर, सदरमधलं ऑल सेंट्स कॅथीड्रल. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या इथे एक झाल्या. शेवटचा पेच होता पाळकांच्या दीक्षेचा. बिशपाने, म्हणजे पाळकांच्या वरच्या धर्माधिकाऱ्याने, हात ठेवल्याशिवाय दीक्षा पुरी होत नाही, असं अँग्लिकन मानत. इतर काहींकडे तर बिशपच नव्हते. मग त्यांचे पाळक काय अर्धेमुर्धे? ठरलं की सगळ्यांनीच एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवायचे, बिशपांच्यासुद्धा. त्यातून कोणाला काय मिळालं, ते देवावर सोपवलं. काहींना ही पळवाट वाटली. आम्हाला विचाराल तर, एवढ्या वर्षांच्या घासाघिशीनंतर याहून प्रामाणिक वाट नव्हती.

अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी मात्र ऐन वेळी बाहेर राहिली. मालमत्तांचे खटलेही झाले. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या दाव्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सीएनआयच्या विरोधात गेला.

आणि हे अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. 'अमेरिकन मिशन' आणि 'एसपीजी' (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल) ही इथल्या मिशनांची जुनी नावं. एक काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळीने आपला कारभार आपणच बघावा असं मानणारं, दुसरं अँग्लिकन, आणि दोघांची माणसं याच जिल्ह्यातली. कधी कधी तर एकाच भावकीतली.

रविवारची उपासना. पेटी लागली, मागून तबला. भजन नारायण वामन टिळकांचं. टिळक अमेरिकन मिशनचे, पण त्यांची गीतं काही १९७०ची वाट बघत थांबली नाहीत. मराठी मंडळ्यांनी ती केव्हाच वाटून घेतली होती. पुढच्या बाकावरच्या आजींनी पुस्तक मिटूनच ठेवलंय.

निवेदन इथे थांबवतो. कडवं पुरं ऐका.